सराटा, मुरूम आणि ५५९

“सव्वीसचा टायर द्या,” एवढंच मी म्हणालो. दुकानदाराने छताला टांगलेल्या टायरांमधून एक काठीने उतरवून दिला. मी पैसे दिले आणि भर दुपारच्या उन्हात टायर स्कूटरच्या हँडलला अडकवून नगरच्या सावेडीला घरी आलो. अंगणात सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं, जुना टायर उतरवला, नवा चढवला. चढवला कसला, तो आपोआपच चढला. टॉमी लावायचीसुद्धा वेळ आली नाही, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. ट्यूबमध्ये चार पंप हवा मारली तर टायर रिमच्या कडेवरून घसरून बाहेर आला. मोठ्या मापाची बांगडी मनगटात खुळखुळावी तसा तो रिमभोवती फिरत होता.

मग चष्मा लावून दोन्ही टायरांच्या कडा वाचल्या. जुन्यावर ‘२६ × १.९५’, नव्यावर ‘२६ × १ ३/८’. दोन्ही सव्वीसच. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता, मागितलं ते त्याने दिलं होतं. फक्त तो टायर लेडीज सायकलचा होता आणि माझ्याकडे होती पंचवीस वर्षं जुनी, आडव्या दांड्याची, अठरा गिअरची माउंटन बाइक. मुलाच्या दहावीला घेतलेली, मुलगा नोकरीला बाहेर गेल्यापासून जिन्याखाली पडलेली.

त्या ठळक आकड्यांच्या खाली टायरवर आणखी एक जोडी बारीक अक्षरात असते. वाचायला बोटाने धूळ पुसावी लागते. माझ्या जुन्या टायरवर ती होती ‘५०-५५९’ आणि नव्यावर ‘३७-५९०’. खरं माप ते. पहिला आकडा हवा भरल्यावर टायर किती मिलिमीटर रुंद होतो तो, आणि दुसरा रिमवर टायरची तार जिथं बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. ५९० मधून ५५९ गेले, राहिले ३१. सव्वा इंच ढिला टायर रिमवर थांबेल कसा?

एकाच सव्वीसची ही भावंडं जन्मली कशी, याचं कारण गमतीचं आहे. इंचातलं माप रिमचं नाही, हवा भरलेल्या टायरचं, बाहेरून बाहेर घेतलेलं. पूर्वी कारखानदारांनी चाकाचा बाहेरचा घेर तोच ठेवायचा आणि टायर बारीक करायचा ठरवलं, की टायरने सोडलेली जागा भरून काढायला रिम मोठी करावी लागे. ५५९ ची रिम घ्या, दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मिलिमीटरचा जाड टायर धरा, होतात ६५९, म्हणजे सव्वीस इंच. ५९० ची रिम घ्या, पस्तीसचा बारीक टायर धरा, होतात ६६०, पुन्हा सव्वीस इंच. ५८४ च्या रिमवर दीड इंची टायर चढवला तरी सव्वीसच. गंमत म्हणजे ही ५८४ ची जुनी फ्रेंच रिम अलीकडे सव्वादोन इंची टायर घालून ‘साडेसत्तावीस’ या नव्या नावाने शोरूममध्ये उभी असते. आणि ज्याला हल्ली ‘एकोणतीस’ म्हणतात ती रिम म्हणजे रेसिंग सायकलची ६२२, फक्त अंगावर जाड टायर ल्यालेली.

आमच्याकडे चांदबिबीचा महाल आहे. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने निघालं की डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तीच. नाव चांदबिबीचं आणि आत थडगं सलाबतखानाचं. टायरच्या सव्वीसचंही तसंच आहे, नावावर जाऊन फसायला होतं. म्हणून दुकानात “सव्वीसचा द्या” न म्हणता “पाचशे एकोणसाठचा द्या” म्हणावं. दुकानदाराने तोंडाकडे पाहिलं, तर टायर हातात घेऊन आपणच कडा वाचावी. एवढं नकोच असेल तर एक खूण लक्षात ठेवावी: माउंटन बाइकच्या मापात टिंब असतं, १.७५, १.९५, २.१०. अपूर्णांक दिसला, पाऊण किंवा तीन-अष्टमांश, तर तो टायर आपला नाही. १.७५ आणि १ ३/४ हे गणितात एकच, पण सायकलीच्या रिमवर ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

या ५५९ चा जन्म माउंटन बाइकसाठी झालेलाच नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये श्विन कंपनीने पोरांच्या सायकलींना सव्वादोन इंचाला जरा कमी, २.१२५ इंची फुगीर टायर बसवले. मोटारीसारख्या दिसणाऱ्या, अंगाने जड, एक गिअरच्या सायकली. चाळीस वर्षांनी त्या भंगारात निघाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातल्या काही पोरांनी त्या कवडीमोलाने उचलल्या आणि माउंट टॅमलपायसच्या कच्च्या रस्त्यांवरून उतारावर सोडल्या. उतरताना मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, दर खेपेला हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. १९७६ पासून त्याच परगण्यात शर्यती होऊ लागल्या. पुढं जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची या मंडळींनी मुद्दाम या कामासाठी सायकली बांधल्या, तेव्हाही चाक सव्वीसचंच राहिलं. कारण साधं होतं, जाड टायर फक्त त्याच मापात मिळत होता. जगातली पहिली माउंटन बाइक ही मुळात जुनीच सायकल होती, हे जिन्याखालच्या सायकलीच्या मालकाला मनाला बरं वाटायला पुरेसं आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हिरोची रेंजर, हर्क्युलिसची एमटीबी अशा सायकली शाळांच्या स्टँडमध्ये दिसू लागल्या आणि गावाकडे अशा प्रत्येक सायकलीला सरसकट ‘रेंजर’ म्हणायची पद्धत पडली. त्या सगळ्या ५५९ च्या. म्हणूनच कुणी “सव्वीसचं आता काही मिळत नाही, चाकंच बदला” असं सांगितलं तर ऐकू नये. परदेशी, महागड्या टायरांत सव्वीसचे प्रकार कमी झालेत हे खरं. पण लुधियानाचे साधे टायर तालुक्याच्या गावीही मिळतात. शिवाय चाक बदलून साडेसत्तावीसचं घातलं, तर रिम साडेबारा मिलिमीटर वर सरकते आणि रिमला धरणारे ब्रेकचे गट्टू तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. चाकापाठोपाठ ब्रेक, ब्रेकपाठोपाठ चिमटा, असा खर्च वाढत जातो. जुन्या सायकलीला टायर बदलायचा असतो, सायकल नाही.

माप कळलं की खरा प्रश्न येतो, टायर कसा घ्यायचा? बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. मोठमोठी बटणं असलेला टायर दमदार दिसतो, आणि डोंगराची सायकल म्हटल्यावर बटणाचाच टायर हवा असं वाटतं. माझं मत उलटं आहे. आमच्या जिल्ह्यात टायरचा शत्रू दगड नाही. काटा आहे.

कार्तिकानंतर कुठल्याही डांबरी रस्त्याच्या साइडपट्टीवर बसून पाहा. जमिनीला चिकटून पसरलेली, चिंचेसारख्या बारीक पानांची, पिवळ्या इवल्या फुलांची एक वेल दिसेल. तो सराटा. आयुर्वेदात गोक्षुर, दशमुळांतला एक. त्याचं फळ वाळलं की पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन टणक शिंगं असतात. हा तुकडा जमिनीवर कसाही टाकला तरी एखादं शिंग आकाशाकडे राहतंच. जनावराच्या खुरात किंवा माणसाच्या चपलेत घुसून दूर जाण्यासाठीच निसर्गाने ही रचना केली. टायर ही त्याला आयती मिळालेली सोय. अमेरिकेत हीच वनस्पती चुकून पोहोचली आणि तिथं तिचं नावच ‘पंक्चरची वेल’ पडलं. तिच्या बंदोबस्तासाठी १९६१ मध्ये तिथं दोन जातींचे सोंडकिडे सोडण्यात आले, भारत, फ्रान्स, इटलीकडचे, जे सराट्याच्या फळावर आणि खोडावर जगतात. आपल्या सराट्याच्या मागे आपलाच किडा गेला.

आता बटणाच्या टायरकडे पुन्हा बघा, या वेळी हातात घेऊन. अंगठा दोन बटणांच्या मधल्या खोबणीत दाबा. बटणाखाली रबर भरपूर आहे, पण खोबणीत ते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. सराट्याचं शिंग त्याहून चांगलं लांब. बटणं जितकी दूर दूर, तितकी मोकळी जागा जास्त. म्हणजे जो टायर दिसायला सगळ्यात रानटी, तोच काट्याला सगळ्यात उघडा. गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा टायर मात्र मधल्या पट्ट्यात सगळीकडे सारख्या जाडीचा असतो.

तरी नुसत्या रबराने काटा थांबत नाही. त्यासाठी नक्षीच्या खाली, टायरच्या कापडाच्या वर, एक वेगळा पट्टा असलेले टायर मिळतात. काहींत केव्हलारसारखा विणलेला धागा असतो, काहींत नुसतं लवचीक रबर. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये तो थर पाच मिलिमीटर जाड असतो, आणि तो सव्वीसच्या मापातही येतो. किंमत ऐकून मी दुकानात दोनदा विचारून घेतली. शिवाय टायर वजनाला किलोच्या आसपास, चाक फिरवायला सुरुवातीला जोर लागतो. पण रोज शाळेत, कॉलेजात किंवा कामावर सायकलने जाणाऱ्याचा आठवड्याला एक पंक्चर वाचत असेल तर हिशोब बसतो. तेवढे पैसे नसतील तर साधा पट्टेवाला टायर घ्यावा. तेही नसेल तर आपल्या पंक्चरवाल्यांची जुनी युक्ती आहेच: बाद झालेली ट्यूब व्हॉल्व्हचा भाग सोडून उभी चिरायची आणि टायर व चांगल्या ट्यूबच्या मध्ये अंथरायची. चाक जरा जड होतं, पण सराट्याला आणखी एक भिंत आडवी येते.

बाभळीच्या काट्यापुढं मात्र हे सगळं लटकं पडतं. शेताच्या कुपाटीला लावलेल्या फांद्या वाऱ्याने पाणंदीत येतात, वेडी बाभूळ ओढ्याकाठी छाटली की तुकडे वाटेत राहतात. दीड-दोन इंची सरळ काटा कुठल्याही टायरमधून आरपार जातो. त्याला उतारा एकच, ट्यूबमध्ये जेल. मोटारसायकलवाले भरतात तेच, पातळ गोंदासारखं. काटा निघाला की ते भोकात जाऊन गोठतं. ट्यूबलेस टायरांची हल्ली चर्चा आहे, पण जुन्या साध्या रिमवर तो उद्योग करू नये. त्या रिमला टायर घट्ट धरून ठेवणारी आतली कड नसते, आणि वळणावर टायर सुटला तर दात पाडून घ्याल.

पंक्चरची गोष्ट निघालीच आहे तर एक दृश्य सांगतो. दिल्लीगेटकडे एका टपरीवर मी एकदा दिवसात दुसऱ्यांदा पंक्चर घेऊन गेलो. सकाळचं ठिगळ शाबूत होतं, भोक शेजारीच नवं. टपरीवाल्या मामांनी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे दाखवले, मग ट्यूब बाजूला ठेवून टायर हातात घेतला. फडकं बोटाला गुंडाळून टायरच्या आतून सावकाश एक फेरी मारली. एका जागी फडकं अडकलं. चिमटीत नेलकटर धरून त्यांनी बाहेर काढलं ते सराट्याचं तुटलेलं टोक, साबुदाण्याच्या दाण्याएवढं. “सर, सकाळी यो आतच राह्यला व्हता,” ते म्हणाले. “पंक्चर काढनं म्हंजी ट्यूब चिकटवनं न्हाय, काटा काढनं.” तेव्हापासून मी ट्यूबला हात लावायच्या आधी टायरच्या पोटातून फडकं फिरवतो.

काट्यानंतर मुरूम. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, कुठंही डांबरी सोडून आत वळलं की मुरूम लागतो. हा कुजलेला काळा पाषाण. खाली टणक, वर सुटे खडे. बटणांचं काम मऊ जमिनीत रुतून पकड घेणं हे आहे. इथं बटणाला रुतायला काही नसतं, ते खड्यांवर उभं राहतं आणि खडे गोळ्यांच्या बेअरिंगसारखे खालून सरकतात. मुरमावर कामाला येते ती टायरची रुंदी आणि बेताची हवा. टायर थोडा बसका असला की तो खड्याला गिळून टाकतो. उभ्या चढावर मागचं चाक जागेवर फिरू लागतं तेव्हाही नक्षीला दोष देण्याआधी सीटवर मागे सरकून बसावं. निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

डांबरीवर तर बटणं पैसे खातात. चाक फिरताना प्रत्येक बटण टेकताना वाकतं, सुटताना सरळ होतं, आणि त्या वाकण्यात पायाची ताकद उष्णता होऊन जाते. तो जो घुंईऽऽ आवाज येतो तो आपलाच घाम. वर्षभरात मधली बटणं झिजून टायर गोटा होतो आणि कडेची बटणं मात्र नवीकोरी राहतात. ओल्या रस्त्यावर नक्षी नसेल तर सायकल घसरेल, ही भीती मोटारीवरून आली आहे. मोटारीचा रुंद, चपटा टायर वेगात पाण्यावर तरंगतो. विमानांच्या चाकांसाठी नासाने बसवलेलं सूत्र सायकलीच्या हवेला लावलं, तर ४० पौंड हवा असलेला टायर पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग लागेल. करंजी घाट उतरतानासुद्धा आपल्यातला कुणी तिथवर जाणार नाही, जाऊही नये. सायकल घसरते ती शेवाळ, ऑईल, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गळीत हंगामात ट्रॉलीतून पडून चाकांखाली चिरडलेल्या उसाच्या चिपाडांवरून. त्यावर कुठल्याही नक्षीचा इलाज नाही.

राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव हा काळ्या मातीचा आणि पाटपाण्याचा पट्टा. इथं उन्हाळ्यात पाटाच्या कडेच्या रस्त्याने सायकल चालवण्यासारखं सुख नाही. पण जूनमध्ये त्याच रस्त्यावर एक सर येऊन गेली की ही माती टायरला पुरणासारखी चिकटते. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक थर वाढतो, आणि चिमट्याच्या बेचक्यात गोळा अडकून चाक जाम होतं. बटणाचा टायर माती जास्त धरतो. जाड टायर बेचक्यातली उरलीसुरली जागा खातो. तिथं त्यातल्या त्यात बारीक, दीड ते पावणेदोन इंचीच बरा. खरं तर उतरून सायकल खांद्यावर घेतलेली बरी.

जागेवरून आठवलं. टायर घेण्याआधी सायकलमधली फट मोजावी. शाळेतली साधी पेन्सिल सात मिलिमीटर जाडीची असते. चाक बसवलेलं असताना टायर आणि चिमट्याच्या मध्ये, तसंच मागे फ्रेमच्या नळ्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी पेन्सिल मोकळी फिरली पाहिजे. आत्ताच ती घासत असेल तर आणखी जाड टायरचा विचार सोडावा. चाक ‘आऊट’ असेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर आधी तारा आवळून घ्याव्यात. जुन्या माउंटन बाइकच्या रिमा आतून १७ ते १९ मिलिमीटर रुंद असतात. त्यांवर दीडपासून दोन इंचांपर्यंतचा टायर सुखाने बसतो. त्याहून जाड घातला तर तो निमुळत्या बुडाच्या माठासारखा वळणावर डुलतो.

अकोले तालुक्याचं सगळंच निराळं. जिल्हा एकच, पण नगरला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि घाटघरला तीन हजारांच्या पुढे. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा रस्ता फिरतो. महाराष्ट्रातल्या सुंदर सायकलवाटांत मी तो फार वर ठेवीन. पण हाही मुख्यतः डांबरीच, खड्डे, ओघळ आणि पावसात वाहून आलेला गाळ धरून. इथं पुढच्या चाकाला कडेला बटणं असलेला, दोन इंची टायर खरोखर कामाला येतो. उतारावरच्या ओल्या वळणात सायकल कलते तेव्हा टायरची कडच जमिनीला धरून असते. मऊ रबर इथं चांगलं, ते लवकर झिजतं, पण ओल्या खडकाला चिकटतं. कळसूबाईवर सायकल नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच, की त्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत.

टायर चांगला घेतला आणि हवा अंदाजाने मारली तर पैसे वाया. हवेचं काम समजायला एक साधा हिशोब पुरतो. माणूस ७० किलो, सायकल १५. एकूण ८५. त्यातलं साठ टक्के वजन मागच्या चाकावर, म्हणजे ५१ किलो. टायरमध्ये ४० पौंड हवा असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर ती सुमारे २.८ किलो भार पेलते. ५१ ला २.८ ने भागा, येतात अठरा. म्हणजे मागचा टायर जमिनीला साधारण अठरा चौरस सेंटिमीटरवर टेकलाय, एका काडेपेटीएवढा. आपली सगळी पकड, सगळा ब्रेक, त्या काडेपेटीवर. हवा ६० पौंड केली की काडेपेटीचा तिसरा हिस्सा गेला, उरले बारा. डांबरीवर ते चालतं, चाक हलकं पळतं. मुरमावर तेच चाक ताशासारखं वाजतं आणि खड्यांवरून उडतं. हवा फार कमी केली तर उलटं: खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. असं पंक्चर काट्याचं नसतं, आळसाचं असतं.

तर एवढ्या वजनाच्या माणसाने पावणेदोन-दोन इंची टायरमध्ये डांबरीवर मागे ५० ते ५५, मुरमावर ४० च्या आसपास, आणि पुढे दोन्हीकडे पाचेक पौंड कमी ठेवावेत. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या बाहेर जाऊ नये. अडचण अशी, की आपल्या जुन्या वालट्यूबच्या व्हॉल्व्हवर हवा मोजता येत नाही, अंगठ्याने दाबून “झालं” म्हणायचं. नवी ट्यूब घेतानाच मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची घ्यावी. रिमचं भोक तेच चालतं. पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, मात्र तिथं नळी क्षणभर लावून काढायची. ट्रकच्या चाकाला सवकलेला तो कॉम्प्रेसर सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फोडतो.

एक पद्धत मात्र बदलावी असं मला वाटतं. एकच नवा टायर घ्यायचा झाला की लोक तो मागे घालतात, कारण मागचाच झिजतो. पण मागचा टायर फसला तर सायकल डुलते, आपण पाय टेकतो आणि सावरतो. पुढचा फसला तर थेट तोंडावर. म्हणून नवा टायर पुढे, पुढचा अर्धा झिजलेला मागे, आणि मागचा गोटा झालेला भंगारात. जिन्याखाली वर्षानुवर्षं हवा जाऊन उभ्या असलेल्या सायकलीचे टायर तर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी, दोन्ही काढावेत. कडेला बोटाने वाकवून पाहा, उन्हाने आणि हवेने रबराला बारीक भेगा पडलेल्या दिसतील. कुठं कापडाचे धागे उघडे पडले असतील, कुठं डायनॅमोने कड खाल्ली असेल. चीर पडलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकून महिना काढता येतो, घाट उतरता येत नाही.

मी शेवटी काय घेतलं? लेडीज सायकलचा तो टायर परत गेला नाही, शेजारच्या मुलीच्या सायकलला तो बरोबर बसला. माझ्या सायकलीला मागे २६ × १.७५, मधोमध जवळजवळ गुळगुळीत, आत काट्याचा पट्टा असलेला. पुढे २६ × १.९५, कडेला छोटी बटणं असलेला, साधा. मागच्यावर वजन जास्त, पंक्चर मागेच होतात, तर पुढच्या पट्ट्याचे पैसे कशाला घालवा, असा माझा हिशोब होता.

पहिल्या रविवारी डोंगरगणला जाऊन आलो. शेवटचे तीन किलोमीटर रस्त्याचं काम चालू होतं, सगळी वाट साइडपट्टीवरून. फाटकातच सायकल उभी केली आणि चाकं हाताने फिरवून पाहिली. मागच्या टायरमध्ये तीन सराटे रुतले होते. एकेक नखाने उपटला, भोकावर थुंकी लावली. बुडबुडा आला नाही. पुढच्या चाकात एकच होता, बटणांच्या मधल्या खोबणीत. तो उपटला मात्र, आणि फुस्स.